दोन ओळींचं उत्तर द्यायला तुमचं काय जातं?

नोकरी शोधणाऱ्या माणसाकडून जेवढ्या सभ्यतेची अपेक्षा असते, तिच्या पासंगाला पुरेल एवढी तरी सभ्यता नोकरी देणाऱ्यांनी दाखवावी. मला नोकरी मिळत नाही म्हणून मी चिडलेली नाही. नकार पचतो. एका जागेसाठी शेकडो लोक अर्ज करतात, त्यातल्या एकालाच ती मिळणार, एवढं सगळ्यांनाच कळतं. मी चिडले आहे ती या एकतर्फी लिहिण्यावर. आम्ही अर्ज लिहायचा, तो दहा वेळा सुधारायचा, नम्रपणे आठवण करून द्यायची, वर आभारही मानायचे. आणि पलीकडचे लोक मूग गिळून गप्प.

ज्यांनी बरीच वर्षं नोकरी बदललेली नाही ते सहज म्हणतात, "मेलच तर पाठवायचाय." त्यांना सांगते एका मेलमागे काय असतं. आधी जाहिरात नीट वाचायची. मग कंपनीची वेबसाइट वाचायची, कारण कव्हर लेटरमध्ये "मला तुमच्याच कंपनीत का यायचंय" हे सांगावं लागतं. मग पत्र कोणाच्या नावे लिहायचं ते शोधायचं. "टू हूम इट मे कन्सर्न" लिहिलं की तुम्ही आळशी ठरता. पण जाहिरातीत कोणाचं नाव नसतं आणि वेबसाइटवरही नसतं. लिंक्डइनवर शोधलं तर त्याच हुद्द्याचे तिघे सापडतात, आणि चुकीच्या माणसाचं नाव घातलं तर आणखीच पंचाईत. म्हणजे नाव तुम्ही लपवायचं, ते आम्ही हुडकायचं, आणि नाही सापडलं तर दोष आमचा.

त्यानंतर पत्र. स्वतःबद्दल सांगा, पण बढाई नको. आत्मविश्वास हवा, पण आगाऊपणा नको. रेझ्युमेतलं पुन्हा लिहू नका, पण रेझ्युमेशी जुळणारं लिहा. एका पानात बसवा, तरी ठोस उदाहरणं द्या. "अमुक पदासाठी अर्ज करत आहे" अशी सुरुवात केली तर सल्लागार म्हणतात कंटाळवाणी आहे. वेगळी सुरुवात केली तर म्हणतात व्यावसायिक वाटत नाही. सब्जेक्टमध्ये पदाचं नाव हवं, जाहिरातीचा क्रमांक हवा, तुमचं नाव हवं. फाइलचं नाव नीट हवं. एक जण म्हणतो फक्त पीडीएफ, दुसरा म्हणतो फक्त वर्ड. यात एक अख्खी संध्याकाळ जाते, आणि दिवसभर दुसरीकडे राबून आलेल्या माणसाकडे तेवढी एकच संध्याकाळ असते.

एवढं करून पोर्टलवर जायचं. "रेझ्युमे अपलोड करा, बाकीचं आम्ही आपोआप भरून घेतो." काय भरलं जातं ते मी पाहिलंय. माझी पदवी कंपनीच्या नावाच्या रकान्यात, आधीच्या नोकरीची तारीख पदवीच्या जागी, आणि दोन स्तंभांत मांडलेला मजकूर आडवा वाचल्यामुळे अर्धं वाक्य इकडचं, अर्धं तिकडचं. ते सगळं पुसून पुन्हा हाताने टाइप करायचं. जे कागदावर आधीच लिहिलेलं आहे तेच, ओळीन् ओळ. मग कव्हर लेटरची चौकट येते. तिला अक्षरांची मर्यादा, त्यात मोकळ्या जागाही मोजलेल्या. मजकूर पेस्ट केला की परिच्छेद नाहीसे होतात आणि विचार करून रचलेल्या पत्राचा एक लगदा होतो. शेवटचं बटण दाबायच्या आत "सेशन एक्स्पायर्ड". मग पहिल्यापासून.

हे ज्यांनी बनवलं त्यांनी स्वतः कधी त्यातून अर्ज करून पाहिला आहे का? मला नाही वाटत. पाहिला असता तर दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केला असता.

आणि उत्तर? लगेच एक पोच येते, "नो रिप्लाय" असं लिहिलेल्या पत्त्यावरून. "तुमचा अर्ज मिळाला. या मेलला उत्तर देऊ नये." यापुढे बहुतेक वेळा काहीच येत नाही. आलाच तर कधीतरी नकाराचा मेल येतो. एका मेलच्या सुरुवातीला "प्रिय" असं होतं आणि त्यापुढे महिरपी कंसात "कँडिडेट फर्स्ट नेम". माझं नाव भरायचंच राहून गेलेलं. त्याच्या खालच्या ओळीत म्हटलं होतं की माझा अर्ज त्यांनी अत्यंत काळजीपूर्वक वाचला. मी तो मेल किती तरी वेळ बघत राहिले. ज्यांनी हा मेल पाठवायच्या आधी एकदा नजरेखालून घातला नाही, ते माझ्या अर्जातल्या एका स्वल्पविरामावरून माझी "बारकाईने काम करण्याची वृत्ती" जोखणार होते. त्यांच्या कंपनीच्या नावातलं एक अक्षर मी चुकवलं असतं, तर अर्ज तिथेच बाजूला पडला असता. मग हा नियम त्यांना का नाही?

तरी अर्जाला उत्तर न देणं मी एक वेळ समजून घेईन. इंटरव्ह्यू झाल्यावर गप्प बसण्याला मात्र माझ्याकडे माफी नाही. पहिला राउंड, दुसरा राउंड, मग "एक छोटासा टास्क" ज्यात शनिवार-रविवार जातो, मग वरिष्ठांशी गप्पा. प्रत्येक वेळी २४ तासांच्या आत आभाराचा मेल पाठवा, असा दंडक. तोही साचेबद्ध नको, बोलण्यातला एखादा मुद्दा आठवून लिहिलेला हवा. पाठवते. "आठवडाभरात कळवतो" असं त्यांनीच सांगितलेलं असतं. आठवडा जातो, दुसरा जातो, आणि ताकास तूर लागू देत नाहीत.

मग फॉलो-अपचा मेल लिहायचा. नोकरीच्या शोधात सगळ्यात अपमानास्पद लेखन कुठलं असेल तर हे. "अद्याप काही कळलं नाही" लिहिलं तर तक्रार वाटेल म्हणून खोडायचं. "निर्णय झाला का?" फार थेट होतं. मग लिहायचं, "आपण कामात व्यस्त असाल याची कल्पना आहे." मग लिहायचं, "कदाचित माझा आधीचा मेल आपल्या नजरेतून सुटला असेल." सुटलेला नसतो. मला माहीत असतं, त्यांनाही माहीत असतं. शब्द त्यांनी मोडला, आणि त्यांची सबब मी शोधून, मीच शुद्ध भाषेत लिहून, त्यांनाच पाठवायची. शेवटी "आपल्या वेळेबद्दल आभारी आहे." कुठला वेळ? जो दिलाच नाही त्याचे आभार! आणि हे सगळं कशासाठी, तर "नाही" हा एक शब्द ऐकायला मिळावा म्हणून.

त्यावरही हूं की चूं नाही. एका ठिकाणी मी अशी वाट बघत असतानाच तीच जागा पुन्हा जाहिरातीत आली, आणि ती जाहिरात मला त्याच कंपनीच्या "तुमच्यासाठी नव्या संधी" या आपोआप येणाऱ्या मेलमधून कळली. म्हणजे माझा पत्ता त्यांच्याकडे होता. मेल पाठवायची सोय होती. उत्तर तेवढं पाठवायचं नव्हतं.

म्हणूनच "अर्ज फार येतात हो, प्रत्येकाला कुठून उत्तर देणार?" हे कारण मला सांगू नका. हाताने कागद चाळायचे दिवस गेले. अर्जांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर, ज्याला एटीएस म्हणतात, नेमकं यासाठीच विकत घेतलेलं असतं. कोण कुठल्या टप्प्यावर आहे हे त्यात दिसतं. नकाराचा मजकूर साठवून ठेवता येतो. बाद झालेल्या सगळ्यांना एकदम निवडून एका बटणावर मेल धाडता येतो. अर्ज गाळायला यंत्र चालतं, उत्तर द्यायची वेळ आली की लगेच माणसं कमी पडतात. आणि इंटरव्ह्यूपर्यंत पोहोचलेले तर मोजके असतात. तेवढ्यांना दोन ओळी लिहायला अर्धा तास पुरतो.

दुसरी सबब कायद्याची. कारण सांगितलं तर कोणी भांडेल, दावा ठोकेल. अहो, कारण मागतंय कोण? कारण सांगितलंत तर चांगलंच आहे, नाही सांगितलंत तरी चालेल. फक्त नाही म्हणून कळवा. वाट बघणारा माणूस नुसता बसून नसतो. त्याच्या हातात दुसरीकडची ऑफर असते आणि तिची मुदत संपत आलेली असते. कुणाला घर बदलायचं असतं, कुणाला आहे त्या नोकरीत राजीनामा द्यायचा की नाही हे ठरवायचं असतं. तुमच्या गप्प बसण्यावर त्याचे निर्णय अडतात. त्याचा जीव टांगणीला लागतो, आणि तुम्ही ढिम्म.

सल्ले देणाऱ्यांवरही माझा राग आहे, कारण त्यांचा सगळा उपदेश आम्हालाच असतो. लॅडर्स या नोकरीविषयक संकेतस्थळाने २०१२ साली डोळ्यांच्या हालचाली टिपून सांगितलं की रिक्रुटर पहिल्या नजरेत एका रेझ्युमेवर साधारण सहा सेकंद घालवतो. २०१८ च्या पाहणीत ते ७.४ सेकंद निघाले. यावरून उपदेश काय, तर पहिली ओळ अशी लिहा की नजर खिळली पाहिजे. एकही सल्लागार उलट बाजूला म्हणत नाही की बाबा रे, माणसाच्या आयुष्याचा कागद आहे, जरा जास्त वेळ वाच.

हेच लोक लिओनार्दो दा व्हिंचीचंही उदाहरण देतात. १४८२ च्या सुमारास त्याने इटलीतल्या मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुडोविको स्फोर्झाला लिहिलेलं कामाची मागणी करणारं पत्र. हलके पूल, वेढा घालताना वापरायची साधनं, तोफा, चिलखती गाड्या असं सगळं त्याने क्रमाने मांडलं, आणि चित्रकला-शिल्पकला शेवटी. समोरच्याची गरज ओळखून लिहा, हा त्यातला धडा. धडा खरा आहे. पण लिओनार्दोला ते पत्र कोणाला लिहायचंय हे माहीत होतं. समोर एक माणूस होता, त्याला एक नाव होतं. आम्हाला एक चौकट मिळते आणि तिच्यामागे कोण आहे हे शेवटपर्यंत कळत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर कहर झालाय. जाहिरात यंत्राने लिहिलेली, अर्ज यंत्राने गाळलेले, नकार यंत्राने पाठवलेला. आणि उमेदवाराला मात्र ताकीद: "कृपया स्वतःच्या शब्दांत लिहावे, आम्हाला तुमचा खरा आवाज ऐकायचा आहे." मी लिहिते स्वतःच्या शब्दांत. आजही प्रत्येक पत्र स्वतः लिहिते, कारण माझं काम मी दुसऱ्याच्या तोंडून सांगू शकत नाही. पण जे लोक यंत्राकडून लिहून घेतात त्यांना मी नावं ठेवणार नाही. कोणी वाचत नाही हे ज्याला शंभरदा कळून चुकलंय, त्याने रात्री जागून कशाला लिहावं?

चांगलं वागणारी माणसं असतात, तेही सांगितलंच पाहिजे. एका बाईंनी मला एकदा लिहिलं होतं: ही जागा कंपनीतल्याच माणसाला दिली आहे, तुमचा टास्क आवडला होता, तुम्ही दुसरीकडचं बघायला मोकळ्या आहात. झालं. खाली त्यांचं नाव होतं आणि उत्तर पाठवता येईल असा पत्ता होता. मला अजिबात वाईट वाटलं नाही. त्या कंपनीत पुन्हा जागा निघाली तर मी पुन्हा अर्ज करीन. बाकीच्यांकडे मी पायरीही चढणार नाही, आणि कोणी विचारलं तर का ते स्पष्ट सांगेन.

कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने हे शेवटी कायद्यातच घातलं. १ जानेवारी २०२६ पासून तिथे २५ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या मालकाने जाहीर केलेल्या जागेसाठी इंटरव्ह्यू घेतला, तर निवडीचा निर्णय झाला की नाही हे उमेदवाराला ४५ दिवसांत कळवावंच लागतं. एवढ्या साध्या गोष्टीला कायदा करावा लागला याचीच मला चीड येते. आणि ४५ दिवस तरी कशाला? निर्णय झाला त्याच दिवशी कळवा. जागा रद्द झाली असेल तर रद्द झाली म्हणा. पैसे मंजूर झाले नसतील तर तसं म्हणा. ठरलंच नसेल तर "अजून ठरलेलं नाही, पुढच्या शुक्रवारी सांगतो" एवढं लिहा, आणि त्या शुक्रवारी खरंच सांगा. नाव नीट लिहा. खाली स्वतःचं नाव घाला. आणि मेल अशा पत्त्यावरून पाठवा, जिथे आम्हाला उलट उत्तर देता येईल.