कोन फिल्टर टाकला की पिकअपचं ॲव्हरेज ३ नं वाढतं? एकेक मुद्दा घेऊन बघू

आमच्या निफाड-पिंपळगाव पट्ट्यातल्या जवळपास प्रत्येक गाडीवाल्याच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात सांगतो काय आहे ते. डिझेल पिकअपचा कंपनीचा हवेच्या फिल्टरचा डबा काढून टाका, त्याच्या जागी उघडा कोन फिल्टर (तेल लावलेल्या कापडाचा, शंकूच्या आकाराचा) बसवा, ॲव्हरेज १२ चं १५ होतं, घाटात गाडी ओढते, काळा धूर बंद होतो, टर्बो (इंजिनात दाबानं हवा भरणारा पंखा) मोकळा श्वास घेतो म्हणून त्याचं आयुष्य वाढतं, आणि हा फिल्टर धुवून धुवून आयुष्यभर चालतो, कंपनी मुद्दाम बारीक डबा देते म्हणजे त्यांचे फिल्टर खपतात. किट साडेसहा हजार, फिटिंग फ्री.

मी १४ वर्षं कांदा-टोमॅटोची भाडी मारतोय, लासलगाव-पिंपळगावहून वाशी मार्केट, आठवड्यातून तीन-चार वेळा कसारा घाट. या मेसेजवर विश्वास ठेवून आमच्या घरातल्याच एका गाडीचा टर्बो गेला, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

पहिलं ॲव्हरेजचं बघू, कारण ९० टक्के लोक त्याच्यासाठीच किट घेतात.

डिझेल इंजिनमध्ये ॲक्सिलेटर थेट हवा नाही वाढवत, डिझेल वाढवतो. हवा आधीपासूनच गरजेपेक्षा जास्त असते. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि रिकामी गाडी सपाट रोडला आरामात चालली असेल तर त्याच्या दुपटीनं नाहीतर त्याच्याही वर हवा आत जात असते. म्हणजे ज्या इंजिनला हवा आधीच उरतेय त्याला अजून हवा देऊन डिझेल कसं वाचेल? ताटात चार भाकरी पडल्यात आणि तुम्ही पाचवी वाढताय.

तरी पण फिल्टरमधून हवा ओढायला इंजिनची ताकद लागतेच ना, असं एक जण म्हणाला. बरोबर आहे, लागते. किती लागते ते मी मोजून बघितलं. दोन मीटर पारदर्शक नळी घेतली, ठिबकवाल्याकडं मिळते तसली, इंग्रजी यू सारखी वाकवून फळीवर बांधली, त्यात रंगाचं पाणी भरलं आणि एक टोक फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या जुन्या रबरी होजला निपल बसवून जोडलं. गाडी जागेवर उभी, रेस करून धरली. नवीन कागदी फिल्टरला दोन्हीकडच्या पाण्यात फरक आला ६ सेंटिमीटर. मग कांद्याचा पूर्ण सीझन वापरलेला, मातीनं लाल झालेला फिल्टर लावला, तर फरक १४ सेंटिमीटर. बस, एवढंच. लोडवर टर्बो भरला की हवा साधारण दुप्पट जाते आणि हवा दुप्पट झाली की हा फरक चौपट होतो, म्हणजे नवीन फिल्टरला २४ सेंटिमीटर धरा.

आता याचा हिशोब लावा. बोलेरो पिकअपचं इंजिन २५२३ सीसी. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं, म्हणजे २००० आरपीएमला मिनिटाला अडीच हजार लिटर, आणि टर्बोनं दाब दुप्पट केला तर पाच हजार लिटर. एवढी हवा २४ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाविरुद्ध ओढायला ताकद लागते साधारण २०० वॅट. पाव हॉर्सपॉवर झाली ही, ७५ हॉर्सपॉवरच्या आसपासच्या गाडीत. आणि ही सगळीच्या सगळी पाव हॉर्सपॉवर वाचली असं धरलं, जे कुठलाच फिल्टर करू शकत नाही, तरी अर्धा टक्कासुद्धा होत नाही. मेसेज म्हणतो १२ चं १५, म्हणजे २५ टक्के. कुठून येणार?

हे फक्त माझ्या नळीचं म्हणणं नाही. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीनं २००९ मध्ये मुद्दाम फिल्टर चोंदवून गाड्या तपासल्या होत्या, आणि नव्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांच्या ॲव्हरेजवर चोंदलेल्या फिल्टरचा सांगण्यासारखा काही परिणाम दिसला नाही, फक्त स्पीड पकडताना स्वच्छ फिल्टरला फरक पडला. त्या गाड्या पेट्रोलच्या होत्या हे खरंय, पण डिझेलला तर हवा अजूनच उरते.

मग ज्यांना खरंच फरक जाणवला ते खोटं बोलतात का? नाही, मला तसं वाटत नाही. एक तर जुना फिल्टर दोन वर्षांचा आणि बेकार झालेला असतो, त्याच्या जागी नवा कागदी फिल्टर टाकला असता तरी ओढ सुधारली असती. दुसरं म्हणजे किट बसवताना मेकॅनिक होज नवीन टाकतो, क्लॅम्प नवीन टाकतो, आणि कित्येक गाड्यांचा खरा आजार तोच असतो, होज चिरलेला. आणि तिसरं, ॲव्हरेज काढतो कसं आपण? जाताना १५ क्विंटल कांदा, येताना रिकामी, एकदा कसारा घाट उतरायचा, एकदा चढायचा, आणि एका टाकीवर हिशोब. असा हिशोब काही न बदलता पण दोनाचा फरक दाखवतो, मी वहीत वर्षभर लिहिलंय म्हणून सांगतो.

आवाजाचं पण आहे. उघड्या फिल्टरला टर्बोची शिट्टी जोरात ऐकू येते, आणि शिट्टी ऐकली की गाडी पळतेय असंच वाटतं.

आता घाटात ओढण्याचा मुद्दा. इथं तर उलटं होतं. कंपनीच्या डब्याचं तोंड कुठं आहे ते बॉनेट उघडून बघा, ते इंजिनपासून लांब, पुढं किंवा बाजूला असतं, बाहेरची थंड हवा मिळावी म्हणून. उघडा कोन बॉनेटच्या आत, रेडिएटरच्या मागं बसतो आणि तिथलीच तापलेली हवा ओढतो. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० डिग्री आणि घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरला बॉनेटखाली सहज ७०. ४० वरून ७० वर गेली की हवा ९ टक्क्यांनी विरळ होते. इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा) त्यातलं थोडं भरून काढतो, सगळं नाही. म्हणजे जिथं गाडीला खरी हवा लागते तिथंच तुम्ही तिला गरम आणि पातळ हवा पाजताय.

धुराचं थोडक्यात सांगतो. फिल्टर पार चोंदला असेल तर लोडवर काळा धूर येतो, हे खरं आहे, पण त्याला औषध नवीन फिल्टर. आणि फिल्टर चांगला असूनही धूर येत असेल तर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे पाइप बघा आधी. दाबाची हवा तिथून निसटते, तेलकट डाग दिसतो क्लॅम्पपाशी. त्याला कोन फिल्टर काय करणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, टर्बोचं आयुष्य. इथं मला खरंच तळमळून सांगायचंय.

वरचा हिशोब परत बघा, लोडवर मिनिटाला पाच हजार लिटर हवा, म्हणजे तासाला तीन लाख लिटर. ती हवा कुठली? शेतातून कांदा उचलताना ट्रॅक्टरच्या मागं चालणारी, कच्च्या रस्त्याची, मार्केट यार्डातली. आपली धूळ म्हणजे पीठ नाही, तिच्यात बारीक वाळू असते, आणि वाळूचा कण लोखंडापेक्षा कडक. जे डोळ्याला दिसतात ते खडे नाही एवढं नुकसान करत, ५ ते २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जो कण आहे तो करतो, कारण पिस्टन रिंग आणि लायनर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्यामधली तेलाची फिल्म तेवढीच जाड असते, कण बरोबर तिच्यात शिरतो आणि पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. टर्बोचा पंखा तर मिनिटाला लाख-दीड लाख फेरे फिरतो. त्या स्पीडला धूळ पंख्यावर आदळली की काय होतं ते मी बघितलंय.

माझ्या चुलतभावानं दिवाळीच्या आधी हे किट बसवलं. फेब्रुवारीत म्हणायला लागला की गाडी ओढत नाही, निळसर धूर येतो. मी म्हटलं आधी होज खोल. फिल्टरच्या पुढचा पाइप काढला आणि आत बोट फिरवलं, तर बोटाला बारीक तपकिरी माती, पावडरसारखी, थोडी तेलकट. ही फिल्टरच्या पुढची बाजू होती हो, जिथं बोट साफ यायला पाहिजे. टॉर्च मारली तर टर्बोच्या पंख्याच्या पात्यांच्या कडा, ज्या सुरीसारख्या असतात, त्या खाल्ल्यासारख्या बोथट झालेल्या, आणि पंखा बोटानं हलवला तर बाजूला खेळत होता. साडेसहा हजाराचं किट, आणि टर्बो, ऑइल, मजुरी, आठ दिवस गाडी उभी ती वेगळी. ऐन सीझनमध्ये. वहिनीनं बचत गटाचा हप्ता मोडून पैसे दिले.

कागदी फिल्टर चांगल्या कंपनीचा असेल तर ९९ टक्क्यांच्या वर धूळ अडवतो. कोनचा तेलकट कापडाचा फिल्टर मोकळा असतो, म्हणजेच भोकं मोठी, म्हणजेच तो कमी अडवतो, हवा सोपी जाते ती याच्यामुळंच, जादू काही नाही. समजा एक ९९.५ अडवतो आणि दुसरा ९७. ऐकायला अडीच टक्क्यांचा फरक. पण १०० ग्रॅम धुळीतली पहिल्यातून अर्धा ग्रॅम आत जाते आणि दुसऱ्यातून ३ ग्रॅम, म्हणजे सहापट माती इंजिनात.

आणि धुवून आयुष्यभर वापरायचं म्हणतात त्यात अजून एक अडचण. धुतल्यावर तेल बरोबर मापात लावावं लागतं. कमी लागलं तर धूळ थेट आत, जास्त लागलं तर तेल हवेबरोबर उडून पुढं एमएएफ सेन्सरवर बसतं. हा सेन्सर म्हणजे एक तापलेली बारीक तार किंवा पट्टी, हवा किती चालली ते ती सांगते, आणि तिच्यावर तेलाचा थर बसला की ती चुकीचं सांगते. बीएस ६ (नव्या प्रदूषण नियमाच्या) गाड्यांचा ईजीआरचा (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) आणि धुराचा सगळा हिशोब तिच्या सांगण्यावर चालतो. मग काजळी वाढते, आणि ज्या गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) आहे तिचा डीपीएफ लवकर भरतो. शिवाय कोन किटचा पाइप वेगळ्या मापाचा असेल तर तेल नसतानाही रीडिंग चुकतंच, कारण सेन्सर मूळ पाइपच्या मापावर सेट केलेला असतो.

वॉरंटीतली गाडी असेल तर टर्बोचा क्लेम मागायला गेल्यावर ते पहिलं फिल्टरकडंच बघणार, हे गृहीत धरा. कायद्याचं पण माहिती असू द्या, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. फिल्टरसाठी कुणाला पकडलेलं मी बघितलं नाही, म्हणून त्याच्यावरून घाबरवत नाही.

राहिला कंपनी मुद्दाम बारीक डबा देते हा मुद्दा. डबा मोठा का असतो, तर हवा आत आल्यावर तिचा वेग कमी व्हावा आणि जड माती खाली पडावी म्हणून. कित्येक मोठ्या गाड्यांच्या डब्याच्या तळाला रबराची चोच असते, तिच्यातून ती माती आपोआप बाहेर पडते. ती चोच फाटली की लोक काढून टाकतात किंवा चिंधी कोंबतात. तसं करू नका, नवीन बसवा, स्वस्तात मिळते. उघड्या कोनात हे काहीच नाही.

मोठ्या इनटेकचा फायदा कधीच होत नाही असं मी म्हणत नाही. रिमॅप करून (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) डिझेल वाढवलंय, टर्बो मोठा टाकलाय, अशा रेसिंगच्या गाडीला हवा कमी पडते आणि तिथं उपयोग होतो, आणि ती माणसं इंजिन खोलायची तयारी ठेवून असतात. आपण भाड्यावर पोट भरणारी माणसं.

साडेसहा हजारात मी काय करीन ते सांगतो. चांगल्या कंपनीचा कागदी फिल्टर, धुळीच्या सीझनमध्ये पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या किलोमीटरला. फिल्टर टायरवर आपटायचा नाही, कागद चिरतो आणि कडेचा ओठ वाकतो. पंक्चरवाल्याकडची फुल प्रेशरची हवा मारायची नाही, मारायचीच तर ३० पीएसआयच्या आत आणि आतून बाहेर, कारण बाहेरून मारली की माती कागदात अजून आत बसते. मग अंधारात फिल्टरच्या आत बल्ब धरून बाहेरून बघायचं, कुठं टाचणीएवढा जरी प्रकाशाचा ठिपका दिसला तर तो फिल्टर फेकायचा. होज आणि क्लॅम्प दर सर्व्हिसला हातानं दाबून बघायचे. आणि ज्यांनी किट बसवलंय त्यांनी मूळ डबा भंगारात देऊ नका, आमच्या चुलतभावाला तो परत मिळवायला मालेगावपर्यंत तीन चकरा माराव्या लागल्या आणि मिळाला तो पण एका क्लिपचा तुटलेला, तिथं आता जाड तार आवळून बसवलाय.