ड्रिप का दिली नाही: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. लग्न जवळ आलंय, रंग उजळण्यासाठी शिरेतून देतात ती ग्लुटाथिओनची ड्रिप मागितली तर मी नाही म्हटलं, कोलेजन फेशियलही आमच्याकडे नाही, वर ५०० रुपये फी घेऊन स्वस्तातली ट्यूब लिहून दिली आणि नाशिकच्याच कॉलेज रोडला हे सगळं पॅकेजमध्ये मिळतं, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या तपासणीत काय आढळलं ते मी इथे लिहिणार नाही, ते तुमच्या-माझ्यातच राहील. बाकी मुद्द्यांवर मात्र बोलते, कारण लग्नसराईत हेच मागणं घेऊन बऱ्याच मुली येतात.

ड्रिप मी कुणालाच देत नाही. ग्लुटाथिओन आपलं शरीर स्वतःच तयार करतं आणि शिरेतून दिलेलं रक्तात फार वेळ टिकत नाही. रंग उजळण्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने (एफडीए) एकाही इंजेक्शनला मान्यता दिलेली नाही. फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने तर २०११ मध्येच इशारा दिला होता: यकृत, मूत्रपिंड आणि मज्जासंस्थेला अपाय, शिवाय स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमसारखी जिवावर बेतणारी रिअॅक्शन. सावळा रंग हा आजार नाही. धडधाकट मुलीला त्यासाठी सलाईन लावायला माझा हात धजत नाही.

कोलेजनचं थोडक्यात सांगते. त्वचेतून साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठा रेणू सहसा आत जात नाही आणि कोलेजनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा असतो. तो वरच राहतो, चेहरा दोन दिवस मऊ लागतो, तोंड धुतलं की संपलं.

ट्यूब स्वस्त आहे हे खरं. ट्रेटिनॉइन, अझेलिक अॅसिड ही औषधं जुनी आहेत, अनेक वर्षं वापरून पारखलेली आहेत. पण त्यांचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि सोबत सनस्क्रीन नसेल तर सगळं वाया. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटं भरून लावायचं, उन्हात असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन घ्यावं, कारण नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग गडद होतो. भर दुपारी द्वारकेहून सातपूरला गाडीवर जाणाऱ्या मुलीला हे समजावण्यातच माझा निम्मा वेळ जातो, आणि फी त्या वेळेची आणि तपासणीची आहे. ती मी परत करणार नाही.

मला खरी काळजी वाटते ती पॅकेजसोबत घरी लावायला देतात त्या बिनलेबलच्या डबीची. आठवड्यात चेहरा उजळला तर त्यात स्टिरॉइड असण्याची दाट शक्यता असते. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमं आणि लव येते, आणि क्रीम थांबवलं की चेहऱ्याची आग होते. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक स्टिरॉइड क्रीम्स शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही असे बिघडलेले चेहरे माझ्याकडे येतच आहेत.

पॅकेज घ्यायचं ठरवलंच, तर प्रत्येक इंजेक्शनचं आणि क्रीमचं नाव कागदावर लिहून मागा. द्यायला का-कू केली तर पैसे भरू नका. दिलं, तर तो कागद घेऊन संध्याकाळच्या वेळेत या. मी बघून देईन, त्याची फी नाही.