आदर्श मूल्यमापनासाठी काही सूचना (थर्माकोल सोबत आणावे)

टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, पेपरात बालविकास आणि अध्यापनशास्त्राचे ३० प्रश्न असतात, प्रत्येकी एक गुण. ते पाठ करून तुम्ही पास झालात, अभिनंदन. आता वर्गात शिरताना पियाजे आणि व्हायगॉट्स्की या दोघा बालमानसशास्त्रज्ञांना चपलांबरोबर दाराबाहेर ठेवा. ते परीक्षेपुरते होते.

पहिलीच्या प्रवेशाला मुलाची छोटीशी मुलाखत जरूर घ्या. जमल्यास आईबापाचीही घ्या, म्हणजे घरात इंग्लिश कोणाला येतं ते समजतं. शिक्षण हक्क कायद्याचं १३ वं कलम अशा चाळणीला पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत दंड सांगतं, म्हणून कागदावर काही ठेवू नका. चॉकलेट द्या, रंगांची नावं विचारा, ‘यादी लागेल, बघून जा’ एवढंच सांगा.

एलकेजीत चार रेघी वहीची पानंच्या पानं भरून घ्या. त्या वयात मनगटातली हाडंसुद्धा पुरती तयार झालेली नसतात, पण फी पुरती भरलेली असते.

उत्तर पुस्तकातल्या शब्दांतच हवं. मुलानं स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर लाल शाई.

वर्ग गप्प बसला म्हणजे सगळ्यांना समजलं असं धरावं.

शिक्षणतज्ज्ञ ब्लूमने १९५६ साली विचारांच्या सहा पायऱ्या मांडल्या. पहिली पायरी आठवण्याची. तिथेच सतरंजी टाकून बसा, वर जायची घाई नको.

पालकसभेत न चुकता सांगा की घरी मराठी बोलू नका. आमच्या बेळगावातलं पोर घरी मराठी, किराणा दुकानात कन्नड आणि रिक्षावाल्या चाचांशी हिंदी बोलतं. सहा-सात वर्षांचं असताना तीन भाषांत भाव करतं. त्याच्या प्रगतिपत्रकात ‘लँग्वेज वीक’ असं लिहा. मूल जिथे उभं आहे तिथून त्याला हात देऊन वर घ्यावं, हे व्हायगॉट्स्कीचं म्हणणं. आणि ज्या भाषेत ते उभं आहे ती भाषाच काढून घ्यावी, हे आपलं. २०२० चं शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा म्हणतं. म्हणू दे. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिलाय की माध्यम कुठलं ते पालक ठरवणार, सरकारला लादता येणार नाही. आणि आम्ही पालक १ नोव्हेंबरला बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ म्हणून घसा बसवतो, नि दुसऱ्या दिवशी सकाळी पोराला टाय बांधून इंग्लिश मीडियमच्या व्हॅनमध्ये बसवतो. मीही बसवते. त्यामुळे या मुद्द्यावर तुम्हाला आमच्याकडून काही धोका नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, प्रोजेक्ट.

वर्षाला चार एफए (शिकवता शिकवता करायचं आकारिक मूल्यमापन) आणि दोन एसए (सत्राअखेरचं संकलित मूल्यमापन). एफएचे गुण कुठून तरी आणायला हवेत, म्हणून प्रोजेक्ट द्यावा. तो शुक्रवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर द्यावा आणि सोमवारी मागावा. विषय ‘जलचक्र’ असावा, म्हणजे रविवारी अख्खा गल्लीबोळ निळा रंग आणि थर्माकोल शोधत बाजारातल्या गणपत गल्लीत फिरतो. काही स्टेशनरीवाल्यांकडे तयार मॉडेलच मिळतं, फक्त नाव चिकटवायचं. शाळेचंही काम होतं, दुकानदाराचंही होतं. मुलाचं काय होतं ते विचारू नये.

आमच्या तिसरीतल्या मुलीने मला हातच लावू दिला नाही. स्टीलच्या पातेल्यात पाणी घेतलं, वर काचेचं झाकण ठेवलं, गच्चीवर उन्हात मांडलं. झाकणाला आतून थेंब धरले, ते मोठे झाले, खाली पडले. आजोबांना हाताला धरून वर नेलं आणि दाखवलं, ‘बघा, पाऊस!’ सात ते अकराच्या वयात मूल हातात धरता येणाऱ्या वस्तूंवरून विचार करतं, हे तुमच्या त्या पियाजेचंच वाक्य. ते आमच्या गच्चीवर घडत होतं.

मिळाले दहापैकी चार. शेरा: ‘नीटनेटकेपणा नाही.’

शेजारच्या मुलाच्या मॉडेलला डोंगर होते, नदी होती, वर एलईडीची माळ होती. दहापैकी दहा. ते पोर गुणी आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. जिन्यात भेटलं तेव्हा सहज विचारलं, ‘काय रे, ढग कशाचे होतात?’ म्हणालं, ‘कापसाचे.’

मी टीचरना भेटायला गेले. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, कन्सेप्ट बरोबर आहे की ओ, पण प्रेझेंटेशन नाही.’ कन्सेप्ट बरोबर आणि गुण चार! मग सहा गुण कशाला होते? कापसाला? माळेला? की बाबांच्या खिशाला? तिसरीच्या पोरीला तुम्ही काय शिकवलंत ते ऐका: स्वतः करून बघू नकोस, विकत आण. ती पुढच्या वेळेला विचारते, ‘मम्मी, आपण पण दुकानातनं आणूया का?’ हे शिकायला तिला एक एफए पुरली.

आता उपरोध पुरे. एफए ही परीक्षा नाहीच. मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ साली एफए आणि एसए हा भेद मांडला तेव्हापासून एफएचा अर्थ सरळ आहे: शिकवणं चालू असतानाच मूल कुठे अडलंय ते बघायचं आणि उद्याचा तास त्याप्रमाणे बदलायचा. तुम्ही थर्माकोल बघून कुणाचा तास बदललात? ज्याला ढग कापसाचे वाटतात त्याला परत शिकवलंत? त्याला तर दहा देऊन घरी पाठवलं. एका वर्गात साठ पोरं आहेत, वर सॅट्सवर, म्हणजे सरकारच्या विद्यार्थी-नोंदीच्या संगणक प्रणालीवर, माहिती भरायची आहे, जनगणना आहे, निवडणूक आहे, हे सगळं मान्य. सरकारचीही लाज काढली पाहिजे, काढूया. पण त्या चार गुणांवर सही सरकारने केली नव्हती.

आणि रात्री बारापर्यंत ग्लू गन घेऊन बसणारे आपण पालक. २०२४ मध्ये एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, केंद्रांवर वेबकास्टिंग (कॅमेऱ्यातून थेट नजर) आलं आणि राज्याचा निकाल ८३.८९ टक्क्यांवरून ७३.४० वर आला, तोसुद्धा वाढीव गुण वाटून. कॅमेऱ्यासमोर आईबापाला आत सोडत नाहीत. दहावीतल्या पोराचा पेपर कोण लिहिणार? लाज वाटू द्या जरा, आपल्यालाही.

पुढचा प्रोजेक्ट वर्गात करून घ्या. माती, कागद, पातेली जे लागेल ते डब्याबरोबर पाठवते. आणि गुण मांडण्याआधी प्रत्येक पोराला त्याच्या मॉडेलवर एक प्रश्न विचारा.