मामांचा फोन माझ्याच गेमनं तापला

गेल्या एप्रिलमध्ये सावळजला मामांकडे गेलो होतो. बेदाण्याचा हंगाम सरत आलेला, रॅकवरचा शेवटचा माल झाडून खाली घ्यायचं काम चाललेलं. शेडच्या कडेला पत्र्याची एक खोली आहे, तिथं मामा बसले होते. त्यांचा फोन माठाच्या ओल्या फडक्यावर ठेवलेला. चुकून राहिला असेल म्हणून उचलायला गेलो तर मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिथंच. लई तापलाय. गार झाल्याबिगर चालू हुईत न्हाय त्यो."

तरीही उचलला. मागचं झाकण एका बाजूनं वर आलेलं, स्क्रीनच्या कडेला नख जाईल एवढी फट. बॅटरी फुगली होती.

"मामा, एवढं काय करता या फोनवर?"

"तुझीच गेम खेळतो की. गाडी भरंस्तोवर, बायका जेवंस्तोवर. समद्यास्नी दावतो, माझ्या भाच्यानं केलीया म्हणून."

मला पुढं बोलता आलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी मोबाइल गेम बनवतो. सांगलीत विश्रामबागला राहतो, कंपनी बाहेरची आहे, काम घरून करतो. मामा खेळतात ती गेम आमच्या पाच जणांच्या टीमनं केली. पट, चार सोंगट्या आणि एक फासा. बंदुका नाहीत, गाड्या नाहीत. अशा गेमनं फोन तापावा असं त्यात काहीच नाही. निदान मला तसं वाटत होतं.

त्याच आठवड्यात तासगावच्या सौद्याच्या दिवशी मामांचा फोन बंद पडला होता. अडत्यानं दर विचारायला दोनदा लावला, लागला नाही. माल पुढच्या सौद्यावर गेला. मामी चिडून म्हणाल्या, "या वयात गेम खेळून फोन घालवला." मामा खाली मान घालून बसले. त्यांची ती मान अजून डोळ्यांसमोरून जात नाही, कारण चूक त्यांची नव्हती. ही पोस्ट त्यासाठीच लिहितोय.

फोन घेऊन सांगलीला आलो. दुकानातल्या पोरानं फुगलेली बॅटरी जपून काढली, कुठं टोक लागू नये म्हणून प्लॅस्टिकची पट्टी वापरली. फुगवटा म्हणजे आत तयार झालेला वायू असतो. जास्त उष्णतेत बॅटरीतलं रसायन विघटित होतं आणि त्यातून तो वायू सुटतो. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, "अजून चालतीया की" म्हणून चार्जिंगलाही लावायची नाही. एवढं तरी प्रत्येकाला माहीत असावं.

नवी बॅटरी टाकल्यावर तोच फोन लॅपटॉपला जोडला आणि माझी गेम सुरू करून आत काय चाललंय ते बघत बसलो.

गेममध्ये समोरच्याची खेळी येईपर्यंत आपण थांबलेलो असतो. कधी १० सेकंद, कधी ३०. पटावर काहीही हलत नसतं. आणि त्या वेळात फोन सेकंदाला ६० वेळा अख्खा पट नव्यानं रंगवत होता. ३० सेकंद थांबलो तर १८०० वेळा तेच चित्र, तीच सोंगटी, तेच घर. पटामागं पाण्याच्या हलक्या लाटा दिसतात, त्या आम्ही सुंदर दिसाव्यात म्हणून घातल्या होत्या. त्या लाटांचा हिशेब दर वेळी नव्यानं होत होता. खाली जाहिरातीची पट्टी सारखी बदलत होती, म्हणजे नेटवर्कही जागं. मामांच्या शेडवर रेंज कमी, आणि रेंज कमी असली की फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावतो, जास्त वीज खातो. शिवाय आम्ही स्क्रीन कधीच विझू नये अशी सोय करून ठेवलेली. मजूर जेवून उठले, मामा गाडीकडे गेले, फोन खाटेवर पडला, तरी पट उजळलेलाच.

साध्या आकड्यांत सांगतो. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे जवळपास १९ वॅट-तास वीज. नुसते मेसेज वाचताना फोन साधारण एखादा वॅट खातो. जड गेम सुरू झाली की तोच आकडा ४-५ वॅटवर जातो, म्हणजे भरलेली बॅटरी चार तासांत रिकामी. ही वीज जाते कुठं? जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ५ वॅटचा दिवा पेटवून मुठीत धरल्यासारखं ते आहे. लॅपटॉपला निदान पंखा असतो. बहुतेक फोनना तोही नसतो, आतली धग काच आणि झाकणातूनच बाहेर जाणार. मामांनी वर जाड रबरी कव्हर घातलेलं, फोन पडून फुटू नये म्हणून.

आता हे बघा. आमच्या कंपनीत टेस्टिंगसाठी कपाटभर फोन आहेत, बरेचसे महागडे आणि नवे. खोलीत एसी, तापमान २४. मीही घरी पंख्याखाली टेबलावर बसून तपासतो. फोनची धग बाहेर जाते ती बाहेरची हवा थंड असते म्हणून. सावळजच्या पत्र्याखाली एप्रिलच्या दुपारी हवाच चाळिशीला टेकलेली असते. तिथं धग जाणार कुठं? अ‍ॅपल आपल्या फोनबद्दल स्पष्ट सांगते की ३५ अंशांपेक्षा जास्त तापमानात वापरू नका, बॅटरीची क्षमता कायमची कमी होऊ शकते. आपल्याकडे मार्चपासून मेपर्यंत दुपारी ३५ ही सावलीतली गोष्ट झाली. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या लोकांना तर हे सांगायलाच नको.

आम्ही गेम बनवतो तिथं आणि ती खेळली जाते तिथं एवढा फरक आहे. पाच वर्षं या कामात आहे, पण हा फरक मी एकदाही मोजला नव्हता.

आणि साधनं नव्हती म्हणावं तर तेही खरं नाही. आम्ही युनिटी नावाचं गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरतो, जगभरच्या असंख्य मोबाइल गेम त्यावर बनतात. त्यात मोबाइलसाठी सेकंदाला साधारण ३० चित्रं हाच मूळ वेग ठेवलेला असतो, आणि तो बॅटरी वाचवण्यासाठी ठेवलाय हे त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. तो ३०चा ६० करायला एक ओळ लागते. ती ओळ मी लिहिली होती. कुणी सांगितली नव्हती, सोंगटी जास्त गुळगुळीत सरकते म्हणून लिहिली. चित्र थांबलेलं असताना कमी वेळा रंगवण्याची सोयही २०१९ पासूनच्या आवृत्त्यांत आहे. अँड्रॉइड १० पासून फोन गेमला सांगू शकतो की मी तापतोय, जरा दमानं घे. अँड्रॉइड १२ मध्ये तर गेमला बॅटरी वाचवण्याचा वेगळा मोड देता येतो. हे सगळं वाचलेलं होतं. करायचं राहिलं, कारण कुणी विचारलं नाही.

विचारलं काय जातं? रोज सकाळी आमच्यासमोर एक तक्ता येतो. किती जणांनी गेम घेतली, किती मिनिटं खेळले, किती जाहिराती बघितल्या, किती वेळा गेम बंद पडली. त्या तक्त्यात तापमानाचा रकाना नाही. लोक रिव्ह्यूमध्ये लिहितात, "फोन गरम होतो", "बॅटरी लगेच उतरते". त्यांना उत्तर जातं, "कृपया फोन अपडेट करा, कॅशे साफ करा." ते ठरीव उत्तर आहे. त्यातली काही मी स्वतः पाठवलीत. मामांसारख्या किती जणांनी ते वाचून आपलाच फोन खराब समजला असेल?

स्वस्त फोन आहे, असंच होणार, हे मला पटत नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आयफोन १५ प्रो बाजारात आला आणि लाखाच्या वरचे ते फोन हातात धरवेनात अशा तक्रारी आल्या. अ‍ॅपलनं तेव्हा आपल्या सॉफ्टवेअरमधला दोष मान्य केला, शिवाय काही अ‍ॅप प्रोसेसरवर प्रमाणाबाहेर भार टाकतात असं सांगितलं. त्यात 'अ‍ॅस्फाल्ट ९' या गाड्यांच्या गेमचं नाव होतं, आणि इन्स्टाग्राम, उबरचंही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अपडेट आला. म्हणजे लाखाचा फोनही अ‍ॅपच्या वागण्यानं तापतो, आणि अ‍ॅपचं वागणं सुधारता येतं. दोन्ही गोष्टी तेव्हाच दिसल्या.

त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ च्या मार्चमध्ये, सॅमसंगच्या फोनमध्ये गेम सुरू झाली की वेग गुपचूप कमी होतो यावरून गदारोळ झाला. हेतू फोन तापू नये हाच होता. लोक रागावले ते न सांगता केलं म्हणून, आणि मग कंपनीनं निवड लोकांच्या हातात दिली. माझं म्हणणंही तेच आहे. सुरुवातीला गेम हलकी ठेवा, आणि ज्याला गुळगुळीत हवी त्याला सेटिंगमध्ये जाऊन वाढवू दे. आज उलटं असतं. गेम भारी येते आणि हलकी करायची तर सेटिंगच्या चौथ्या पानात शोधावं लागतं. मामांना ते पान कोण दाखवणार?

नीट केल्याचं उदाहरणही आहे. २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' आली. ती जीपीएस, कॅमेरा, स्क्रीन सगळं एकदम वापरायची, लोक पॉवर बँक घेऊन फिरायचे. पण तिच्यात एक बटण होतं. ते चालू केलं आणि फोन उलटा धरला की स्क्रीन मंद व्हायची. साधी गोष्ट आहे. खेळणारा रस्त्यावर चालतोय आणि त्याला फोन घेऊन घरी पोचायचंय, हे कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं.

माझ्या व्यवसायातले काही मित्र म्हणतील, बॅटरीच ती, हजारभर रुपयांत बदलते. त्यांना मी २०१९ च्या ऑगस्टमधला सांगलीचा महापूर आठवायला सांगेन. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलेलं, लाईट नव्हती, माणसं गच्चीवर होती. त्या दिवसांत घरात जो एक फोन चालू होता, त्याचा टक्का आम्ही कसा जपला ते सांगलीकरांना सांगायला नको. स्क्रीन बंद ठेवायची, दोन तासांनी एकदा चालू करायचा, बोट कुठवर आली विचारायचं आणि पुन्हा बंद. मामांच्या घरातही फोन एकच धड चालणारा आहे. सौद्याचा दर त्यावर, बँकेचा ओटीपी त्यावर, ई-पीक पाहणीचा फोटो त्यावर, नातीचा अभ्यास त्यावर. त्या बॅटरीत माझी गेम फुकट राहायला आली होती आणि घर पोखरत होती.

जे गेम खेळतात त्यांनी आज काय करावं, तेही सांगतो. चार्जिंगला लावून खेळू नका. चार्ज होताना बॅटरी स्वतः तापते, त्यात गेमची धग मिळते, आणि साधारण ४५ अंशांच्या वर लिथियमची बॅटरी चार्ज करूच नये. (काही नव्या फोनमध्ये बॅटरीला बाजूला ठेवून चार्जरची वीज थेट फोनला देणारी सोय असते, ती असेल तर जरूर वापरा.) खेळताना जाड कव्हर काढा. गेमच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स आणि फ्रेम रेट (गेम सेकंदाला किती चित्रं रंगवते तो आकडा) खाली आणा, फोनचा रिफ्रेश रेट (स्क्रीन सेकंदाला किती वेळा बदलते तो आकडा) ९० किंवा १२० असेल तर ६० करा. प्रोसेसरचा वेग थोडा उतरवला तरी वीज त्या मानानं जास्त वाचते, त्यामुळे हा बदल हाताला लगेच जाणवतो. फोन उशीखाली, गादीवर, गाडीच्या डॅशबोर्डवर नको. आणि तापलेला फोन फ्रीजमध्ये कधीही ठेवू नका, आत दव धरतं. माठावरचं ओलं फडकंही नको, मामा. सावलीत, कोरड्या फरशीवर, गेम बंद करून पंधरा मिनिटं ठेवा.

पण हे सगळं खेळणाऱ्यानं करायचं, ही माझ्या लेखी दुसरी पायरी. पहिली आमची आहे.

परत आल्यावर टीमसमोर मामांच्या फोनचा फोटो ठेवला. सोंगटी सरकताना वेग ६०, थांबल्यावर अगदी कमी, असं आता केलंय. लाटा काढल्या. दोन मिनिटं हात लागला नाही की स्क्रीन विझते. जाहिरातीची पट्टी कमी वेळा बदलावी यासाठी भांडतोय, तिथं पैसा आहे म्हणून अजून होकार आलेला नाही. रोजच्या तक्त्यात तापमानाचा रकाना मात्र आला. टेस्टिंगच्या कपाटात मामांच्याच मॉडेलचा एक जुना फोन विकत घेऊन ठेवलाय. यापुढचा प्रत्येक बिल्ड, म्हणजे गेमची नवी तयार आवृत्ती, आधी त्यावर चालवायचा, तोही उन्हाळ्यात दुपारी गच्चीवर, असं मी लिहून दिलंय.

परवा मामांचा फोन आला. नवी बॅटरी चांगली चालतीय म्हणाले, रात्री झोपताना निम्मी शिल्लक असते. मग जरा थांबून विचारलं, "तुझी गेम काढून टाकली हाय. परत टाकू का रं? मजूर इचारत्यात."

मी म्हणालो, "एवढ्यात नको मामा. नवीन आली की मीच येतो सावळजला, शेडवर बसून दोघं खेळून बघू."