आत्याच्या दंडात अँटेना नाहीये

रविवारी आत्याचा फोन, "लसीतलं ग्राफिन काढायचे थेंब मागवलेत, तू केमिस्ट्रीवाला ना, किती घ्यायचे सांग." ग्राफिन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा, त्याला ऑक्सिजन जोडला की ग्राफिन ऑक्साइड. मागे तोच व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड: कोविशिल्डमध्ये ग्राफिन ऑक्साइड आहे, त्याला सेंद्रिय रेणू जोडून अँटेना केलाय, तो फाइव्ह-जी पकडतो, दंडाला चुंबक चिकटतं आणि क्लोरीन डायॉक्साइडचे थेंब प्यायले की सगळं बाहेर पडतं.

आधी थेंब. क्लोरीन डायॉक्साइड म्हणजे कागदाचा लगदा पांढरा करायचं ब्लीच! अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, 2019 मध्येच बजावलंय की हे पिऊ नका, जोरात उलट्या-जुलाब होतात, अंगातलं पाणी जाऊन जिवावर बेततं. आत्या सत्तरीची, बीपीच्या गोळ्या चालू. मी फोन चालू ठेवूनच बाटली मोरीत ओतायला लावली.

आता अँटेना. त्यासाठी त्यातून वीज नीट वाहायला हवी. ग्राफिनमधला प्रत्येक कार्बन तीन शेजाऱ्यांना धरून असतो, चौथा इलेक्ट्रॉन मोकळा फिरतो म्हणून वीज वाहते. डायझोनियम मीठ नावाच्या रसायनाने त्यावर सेंद्रिय रेणू पक्का जोडला की तोच इलेक्ट्रॉन त्या बंधात अडकतो. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला रसायनशास्त्रज्ञ हॅडन यांच्या गटाने 2009 मध्ये नेमकं हेच केलं, नायट्रोफेनिल हा सेंद्रिय गट जोडल्यावर विजेला होणारा रोध दुपटीहून जास्त वाढला. म्हणजे रेणू असा जोडून वीज वाहणं कमी होतं आणि फॉरवर्डवाले नेमकं उलटं सांगतायत, शिवाय ग्राफिन ऑक्साइडमधून तर मुळातच वीज जवळजवळ जात नाही.

एक गोष्ट खरी, ती मान्य करतो. ग्राफिन ऑक्साइडवर औषध लादायचं संशोधन होतं, 2008 मध्ये स्टॅनफर्डच्या दाई यांच्या गटाने त्याला पीईजी हे पाण्यात सहज मिसळणारं पॉलिमर जोडून पाण्यात न विरघळणारं कॅन्सरचं औषध त्यावर चढवलं. पीईजी का, तर नुसतं ग्राफिन ऑक्साइड मिठाच्या पाण्यात गोळा होऊन बसतं. पण ते लॅबमधलं काम. कोविशिल्डच्या घटकांच्या यादीत लसीच्या मूळ विषाणूखेरीज हिस्टिडिन, मॅग्नेशियम क्लोराइड, पॉलिसॉर्बेट 80, इथेनॉल, साखर, मीठ, ईडीटीए, पाणी एवढंच, ग्राफिन कुठेच नाही.

चुंबकाचं तर संध्याकाळी तिच्या घरी जाऊनच बघितलं. फ्रिजवरचं चुंबक दंडाला खरंच चिकटलं, घामाने. दंड पुसून टाल्कम पावडर लावली, टपकन खाली. मग लस न घेतलेल्या दंडावर घामेजल्या हाताने लावलं, तिथेही चिकटलं, तेव्हा कुठे आत्याचा चेहरा जरा सैल झाला.

थेंब विकणाऱ्याचा नंबर अजून तिच्या भिशीच्या ग्रुपवर पिन केलेला आहे. तुमच्याही आई-मावशीच्या ग्रुपवर असेल, आजच बघा आणि काढायला लावा.