मपेट्स संपले म्हणे! तिकीट काढलं होतंत का कधी?

दर डिसेंबरला आमच्या न्यू जर्सीच्या घरी हेच होतं. चार मराठी कुटुंबं जमतात, मी मपेट्सचा, म्हणजे कर्मिट बेडूक आणि त्याच्या बाहुल्यांच्या टोळीचा, 'द मपेट ख्रिसमस कॅरल' हा सिनेमा लावते, सगळे खदाखदा हसतात, शेवटी दोघातिघांचे डोळे पाणावतात आणि मग तीच मंडळी उसळ-पाव खाता खाता मला विचारतात, "पण आता ते मपेट्स संपले ना गं?" अरे, आत्ता दीड तास काय बघत होतात मग?

हे संपल्याचं पुराण मी 2014 पासून ऐकतेय. 'मपेट्स मोस्ट वॉन्टेड' आला मार्चमध्ये, पहिल्या वीकेंडला जेमतेम 1 कोटी 70 लाख डॉलर, आणि त्याच शुक्रवारी आलेल्या 'डायव्हर्जंट'ने 5 कोटींच्या वर नेले. आधीच्या 2011 च्या सिनेमाने जगभरात साडेसोळा कोटी कमावलेले, गाण्याला ऑस्कर मिळालेलं, आणि हा आठ कोटींवर थांबला. झालं, लगेच श्राद्ध घालायला बसले सगळे. आम्ही गेलो होतो तेव्हा हॉलमध्ये आम्हाला धरून अकरा माणसं, आणि दुसऱ्या दिवशी "मला कर्मिट किती आवडतो माहितीये" म्हणणारी माझीच मैत्रीण मला सांगते की टीव्हीवर आला की बघू. तूच पाडलास गं तो सिनेमा, तू आणि तुझ्यासारखे हजारो! आणि वाईट नव्हताच तो, पहिल्याच गाण्यात सीक्वेल कधी पहिल्याइतका चांगला नसतो असं स्वतःच सांगून मोकळे होतात, एवढा प्रामाणिकपणा कुठला हिरो दाखवतो?

आणि तुम्ही ज्याच्यावर डोळे पुसता ना, तो ख्रिसमस कॅरल 1992 साली 'होम अलोन 2' आणि 'अलादिन' यांच्या गर्दीत सापडून अमेरिकेत पावणेतीन कोटींच्या आसपासच अडकला होता. तेव्हाही लोक म्हणालेच असतील, मपेट्स घडवणारा हेन्सन गेला, आता काय उरलं. (जिम हेन्सन 1990 च्या मे मध्ये गेला, त्रेपन्नाव्या वर्षी, ते अजून पचत नाही.) मुळात 'द मपेट शो' या त्यांच्या टीव्ही मालिकेलासुद्धा अमेरिकन चॅनलवाल्यांनी नकोच म्हटलं होतं, शेवटी इंग्लंडमध्ये ल्यू ग्रेड या टीव्हीवाल्याने पैसे लावले म्हणून 1976 ते 81 मध्ये 120 भाग झाले. त्या शोमध्ये काय असतं? रोज रात्री सगळं फसतं, फॉझी अस्वलाचे जोक पडतात, गॉन्झो तोफेतून उडतो, वर बॉक्समध्ये ते दोन म्हातारे शिव्या घालत बसलेले, आणि तरी दुसऱ्या दिवशी पडदा वर जातोच. आपल्या पडलेल्या सिनेमाला हे लोक काय घाबरणार!

खरा राग आहे तो मालकांवर. 2004 पासून डिस्नेकडे आहेत, आणि काय केलं? 2015 ची मालिका एका सीझनमध्ये गुंडाळली, 2020 ला सहा भाग करून विसरले, 2023 ची 'द मपेट्स मेहेम' मालिकाही एकाच सीझनवर, आणि 2025 च्या जूनमध्ये फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कमधला मपेट्सचा थ्रीडी शो बंद करून टाकला, हेन्सनच्या शेवटच्या कामांपैकी एक, चौतीस वर्षं चालत होता. रोप लावायचं, दोन दिवसांनी उपटून बघायचं मूळ धरलं का, आणि मग म्हणायचं मातीच वाईट!

वर नवऱ्याचं, "बाहुल्या लहान मुलांच्या असतात गं." अरे पाध्यांच्या अर्धवटरावाने शंभरी ओलांडली, त्याला बघून तुझे आजोबा हसले, बाबा हसले, तू हसलास, आणि मला अक्कल शिकवतोस?

मी नाही सोडणार आशा. पुढचा सिनेमा कधीही येऊ दे, पहिल्या शुक्रवारची तिकिटं मी काढणार, आणि या वेळी त्या चारही कुटुंबांची काढणार, पैसे नंतर वसूल करीन. नाही आलात तर डिसेंबरला उसळ आपापल्या घरी करून खा.