डायलॉग लक्षात राहतो, मुद्दा कुठे जातो?

पुढाऱ्याच्या तोंडचं एखादं वाक्य बघता बघता पोरासोरांच्या तोंडी बसतं, तेव्हा त्या वाक्याआधी काय चाललं होतं हे विचारायची सवय आपल्याला लावून घ्यावी लागणार आहे. मनापासून वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

अमेरिकेत २८ ऑक्टोबर १९८० ला कार्टर आणि रेगन यांची टीव्हीवर समोरासमोर वादसभा झाली. कार्टर म्हणाले, रेगन यांनी राजकारणाची सुरुवातच मेडिकेअरला विरोध करून केली. मेडिकेअर म्हणजे तिथल्या वयस्कर लोकांचा सरकारी आरोग्य विमा, म्हणजे विषय साधा नव्हता. रेगन हसून एवढंच म्हणाले, ‘झालं यांचं पुन्हा सुरू!’ इंग्रजीत चार शब्द. लोक हसले. आपण दुसऱ्या एका विधेयकाच्या बाजूने होतो, असा खुलासा त्यांनी लगेच केलाही. पण आज ना तो खुलासा कुणाला आठवतो, ना कार्टर यांचा आरोप. चार शब्द मात्र अजून वापरात आहेत.

आपल्याकडे अशा वादसभा होत नाहीत. आपले डायलॉग विधानसभेतून, जाहीर सभांतून, नाहीतर फोनच्या क्लिपमधून येतात. फडणवीसांचं ‘मी पुन्हा येईन’ २०१९ मध्ये आश्वासन होतं. त्याच नोव्हेंबरात खुर्ची गेली आणि त्याची टिंगल झाली. जून २०२२ मध्ये ते उपमुख्यमंत्री झाले, ५ डिसेंबर २०२४ ला पुन्हा मुख्यमंत्री, आणि तेच शब्द कार्यकर्ते छाती फुगवून म्हणू लागले.

शहाजीबापू पाटलांचं ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ मला खरोखर आवडतं. सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्यातला माणूस गुवाहाटीची हिरवाई बघून आपल्या बोलीत मोकळेपणाने बोलला. ठेकाही असा की एकदा ऐकलं की जिभेवर बसतं. पण ते दिवस आठवा. जून २०२२. निवडून दिलेले आमदार परराज्यातल्या हॉटेलात, सरकार कोसळायच्या बेतात, आणि पक्षांतरबंदी कायद्याला काही अर्थ उरला का हा रोखठोक प्रश्न. आपण रील बनवत होतो. इथे नाशिकमध्ये महापालिकेची मुदत मार्चमध्येच संपली होती, नगरसेवक नव्हते, कारभार प्रशासकाकडे. नळाला पाणी आलं नाही तर कुणाच्या दारात जायचं हे आमच्या गल्लीत कुणाला सांगता येत नव्हतं. ‘एकदम ओक्के’ मात्र सगळ्यांना येत होतं.

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमधलं सांगते. टँकरच्या बिलांचा विषय निघाला. एक काकू वहीत तारखा लिहून आल्या होत्या, कुठल्या दिवशी टँकर आला आणि कुठल्या दिवशी नुसतंच बिल आलं. त्या उभ्या राहून वाचायला लागल्या, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, ‘लाव रे तो व्हिडिओ!’ सगळे खो खो हसले. काकूही हसल्या, वही मिटली आणि खाली बसल्या. पुढचा विषय पार्किंगचा. बिलं तशीच मंजूर झाली.

मला याचा राग येतो, कारण तो डायलॉग मुळात पुरावा दाखवण्यासाठी होता. २०१९ च्या लोकसभेला मनसेचा एकही उमेदवार नव्हता, तरी राज ठाकरे सभा घेत होते आणि पडद्यावर सरकारचे दावे एकेक करून तपासत होते. मेळघाटातलं हरिसाल देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजवलं होतं. तिथली परिस्थिती त्यांनी दाखवली, जाहिरातीतला तरुणच व्यासपीठावर आणला. त्यांच्या राजकारणाशी माझं पटत नाही, पण भरसभेत सरकारी जाहिरात अशी पडताळून बघणं मला मोलाचं वाटलं होतं. आज हळदीत डीजेवाल्याला तेच वाक्य ओरडून सांगतात आणि हरिसाल म्हटलं की विचारतात, हे कुठे आलं?

म्हणून मी घरातल्या ग्रुपवर सांगून ठेवलंय. दहा सेकंदांची क्लिप टाकायची असेल तर आधीची पाच मिनिटंही टाका. समोरच्याने काय विचारलं होतं ते ऐकू द्या. भाचे वैतागतात, वैतागू देत.

आणि मेळघाटातलं कुणी हे वाचत असेल तर हरिसालबद्दल आज जसं आहे तसं लिहा. रेंज, शाळा, दवाखाना, सगळं. मी ते आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरसुद्धा टाकीन.